खाटांची संख्या

विमल गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगावात बँकेच्या रांगेत उभी होते, आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला. नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनवाल्यांचं हे काम ठरलेलं. यंत्रावर अंगठा ठेवायचा, यंत्राने ओळखलं तर आपण हयात. माझा अंगठा काही उठेना. उभं आयुष्य स्पिरिट आणि साबणाने हात धुण्यात गेलेलं, रेषा राहिल्यात कुठे? काउंटरवरची मुलगी म्हणत होती, "आजी, जरा कोरडा करून पुन्हा ठेवा," आणि 'आजी' म्हटल्याबद्दल मी तिला मनातल्या मनात झापत होते, तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. रमिला पावराचा. रमिला ही आमच्या नर्सिंग कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, आता शिरपूरच्या पलीकडे सातपुड्याच्या पायथ्याला एका उपकेंद्रात नोकरी करते. एरवी ती मला कधी फोन करत नाही. "मॅडम, अहिरे मॅडम गेल्या. आज सकाळी," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हटलं. चाळीस वर्षांहून जुनी मैत्रीण गेल्याचं ऐकून माणूस "बरं" म्हणू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग मी अंगठा पदराला पुसला, पुन्हा ठेवला, आणि या वेळी यंत्राने लगेच ओळखलं.

धुळ्याला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. विमलच्या भावाच्या घरासमोर पांढऱ्या साड्यांतल्या बायका बसल्या होत्या, कोणीतरी बाटलीतून पाणी फिरवत होतं. पुढे पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींनी सूत्रपठण केलं, मग एकेक जण बोलायला उभा राहिला. मीही बोलले. मी चांगली बोलते, तेच तर मी आयुष्यभर केलं. विमल अहिरे कशी निष्ठावान होती, कशी हाडाची शिक्षिका होती, वगैरे. लोकांनी डोळे पुसले. पण जे बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडून निघालं नाही... ते लिहून काढावं म्हणून हे कागद पुढे घेतले आहेत. तिचं कौतुक यात येईल तेवढं येईल. मुख्यतः माझं चुकलं ते लिहायचं आहे.

आम्ही दोघी धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात एकाच वर्षी नर्सिंगला लागलो. मी जामनेरची, बऱ्यापैकी शेतीवाल्या घरातली, त्यामुळे तोंडाने फटकळ आणि मनातून भित्री. ती शिरपूरजवळच्या खेड्यातली, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, घरात शिकलेली पहिलीच मुलगी. होस्टेलवर तिची आणि माझी कॉट शेजारी शेजारी. मी शुद्ध बोलायचा आटापिटा करायचे आणि ती बिनधास्त अहिराणीत. पहिलं इंजेक्शन द्यायची माझी पाळी आली तेव्हा माझा हात असा थरथरत होता की पेशंटच मला धीर देऊ लागला. विमल मागे उभी होती. मला वाटलं ती पुढे होऊन सुई घेईल हातातून. पण तिने स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले आणि म्हणाली, "मी आठेच शे. दे तू." ती इथेच आहे म्हटल्यावर दिलं मी. नंतर मी तिला विचारलं, हात मागे का बांधलेस? तर म्हणाली, "पुढे असते तर मीच टोचलं असतं." पुढे ती शिक्षिका झाली तेव्हाही तिची तीच तऱ्हा राहिली. शिकणारीने पेशंटसमोर स्टुलावर बसायचं, पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीला. शिकवणारीने तिच्या मागे उभं राहायचं, हात पाठीमागे बांधून. पोरी तिची नक्कल करायच्या आणि ती त्यांना हसून दाद द्यायची.

सरकारी नोकरीत आम्ही दोघी वीस-बावीस वर्षं होतो. ती वॉर्डात आणि आरोग्य केंद्रांत रमली, मी लवकर खुर्चीकडे सरकले. स्वेच्छानिवृत्ती घेऊन जळगावच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात मी प्राचार्य झाले आणि वर्षभरात विमललाही तिथे बोलावून घेतलं. चारचौघांत ती मला 'मॅडम' म्हणायची, दार लोटलं की 'मंगल'. माझ्या केबिनमध्ये येऊन माझ्याच डब्यातली भाजी खाऊन "मीठ कमी शे" असं सांगणारी कॉलेजात ती एकटीच होती. बाकीचे घाबरून होते मला. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही.

मग आमच्याकडे नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम सुरू झाला. वाचकांसाठी सोपं करून सांगते. साधी नर्स डॉक्टरने सांगितलेलं करते. ही नर्स, जिथे डॉक्टर चटकन मिळत नाही तिथे, स्वतः तपासते, स्वतः ठरवते, आणि कोणाला घरी पाठवायचं नि कोणाला तातडीने पुढे न्यायचं याची जबाबदारी घेते. म्हणजे पुस्तकापेक्षा पेशंट महत्त्वाचा. तसे प्रत्यक्ष कामाचे तास ठरलेले असतात. ते भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. पहिल्या तुकडीत सहा मुली होत्या आणि त्यांना शिकायला ज्या दवाखान्याशी आमचा करार होता, तिथे आधीच तीन कॉलेजांच्या पोरी. एका पेशंटभोवती बारा जणी वह्या घेऊन उभ्या. तो बिचारा कूस बदलायलाही लाजायचा. बरं, तेही टिकलं नाही. त्या दवाखान्याने स्वतःचं कॉलेज काढलं आणि वर्षाच्या मध्यावर आमच्या मुलींना दारातून परत पाठवलं. तास निम्मेही झाले नव्हते. सहा जणींचं वर्ष बुडायची वेळ आली. त्यांतल्या दोघींची लग्नं याच वर्षाच्या बोलीवर थांबवलेली होती, आणि रमिला तर तिच्या पाड्यातून बारावीच्या पुढे गेलेली पहिली.

मी काय केलं? प्राचार्य जे करतात ते. फोन केले. याला पत्र, त्याला भेट, एकाकडे पेढे. सगळीकडे "बघू". विमल मात्र दोन दिवस गायब झाली. तिसऱ्या दिवशी आली ती चपलांना माती आणि साडीवर काळे डाग घेऊन. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मंगल, आजारी माणसं दवाखान्यातच असतात असं तुला कोणी सांगितलं? तिथे पोचतात ती थोडीच. बाकीची कामावर असतात." ते डाग केळीच्या चिकाचे होते. ती एसटीने रावेरला जाऊन आली होती. तिथे एका केळीच्या पॅकिंग शेडमध्ये चाळीसेक बायका कामाला होत्या, आणि गावातले एक म्हातारे डॉक्टर, ज्यांना सगळे नाना म्हणत, आठवड्यातून एक दिवस शेडवर बसायला तयार होते. दर गुरुवारी मुली जातील, तपासतील, नाना शेवटचा शब्द देतील. शेडच्या मालकाला तिने कसं पटवलं ते तिलाच माहीत. मी जीप दिली. परवानगी दिली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. अशी मधली वाट काढण्यात माझा हातखंडा होता.

त्या शेडचं वर्णन मी ऐकीव करते आहे, हे आधीच कबूल करते. ट्रॅक्टरमधून घड उतरतात, बायका फण्या सोडवतात, पाण्याच्या टाक्यांत धुतात, पुसतात, खोक्यांत भरतात. दिवसभर पाय ओल्यात, हात चिकात. कोपऱ्यात रखवालदाराची एक बाज होती, तिच्याभोवती दोन साड्या बांधून विमलने तपासायची जागा केली. घडीचं एक लोखंडी स्टूल ती सोबत न्यायची, शिकणारीसाठी. आणि पहिला प्रश्न तिने ठरवून दिला होता. 'काय होतंय' असं विचारायचं नाही, कारण बायका 'काही नाही' म्हणतात. 'सकाळपासून पाणी किती वेळा प्यालात' असं विचारायचं. मग कळायचं की शेडवर संडास नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत, आणि लघवीची जळजळ हा सगळ्यांचा कायमचा आजार आहे. दवाखान्यात बारा जणींच्या मागे उभं राहून हे कोणाला कळलं असतं?

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारची गोष्ट. रमिला स्टुलावर होती. समोर एक सात महिन्यांची पोटुशी बाई आली. ती तपासून घ्यायला आलीच नव्हती, सासूला सोबत म्हणून आली होती. सासू गुडघ्यांचं सांगत होती. रमिलाचं लक्ष सुनेच्या हातांकडे गेलं. हात मोकळे. सातव्या महिन्यात बाईच्या हातात हिरवा चुडा असायचा, आणि हिच्या मनगटात एक बांगडी नाही. रमिलाने विचारलं, तर सासूच म्हणाली, "व माय, घट्ट झाल्या तिले. साबन लावून काढल्या मी. पाय बी सुजते तिचे, उभं राहू राहू." सून हळूच म्हणाली, "डोकं लय दुखते मले. डोळ्यासमोर चमकते. पन सांगू कोनाले?" पाय उभं राहून सुजतात, मनगटं कशाने सुजतील? रमिलाने मागे वळून पाहिलं. विमल हात पाठीमागे बांधून उभी. रमिलाने रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग स्वतःच नानांना हाक मारली. तासाभरात ती बाई रुग्णवाहिकेतून जळगावच्या वाटेला लागली होती. बाई वाचली. मुलगी झाली, वेळेआधीच, पण जगली. हे सगळं विमलनेच मला सांगितलं. "माझे हात किती वळवळले असतील सांगू, मंगल? पण नाही काढले पुढे. तिने एकटीने ओळखलं. बांगड्यांवरून!" मी म्हटलं, "छान झालं," आणि पुढ्यातल्या फायलीवर सही केली. कशाची फाइल होती ते आता आठवतही नाही.

सत्र संपत आलं, आणि विमल रजिस्टर घेऊन आली. कॉलेजचंच छापील रजिस्टर. त्यात रकाने होते: ठिकाण, खाटांची संख्या, रुग्णाची माहिती, मार्गदर्शक, आणि शेवटी 'प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही व पद'. ही शेवटची सही प्राचार्याची. तिने आणि मुलींनी गुरुवारांची पानंच्या पानं भरली होती. 'खाटांची संख्या' या रकान्यात प्रत्येक वेळी लिहिलेलं: 'खाटा नाहीत. बाज एक.' मला आधी हसू आलं, मग रागच आला.

"हे काय लिहिलंस? तपासणीला आलेले लोक हसतील मला."

"मग काय लिहू? आहे ते लिहिलं."

"हे तास धरता येणार नाहीत, विमल."

"का?"

"मी पाहिलेलं नाही. न पाहिलेल्यावर सही कशी करू?"

"मग ये ना! येत्या गुरुवारी ये. जीपमध्ये जागा आहे. एक गुरुवार ये, बघ, मग नको वाटलं तर नको करू सही."

मी म्हटलं, बघू. हा 'बघू' मी त्या महिनाभरात इतक्या लोकांकडून ऐकला होता की तो माझ्याही तोंडात बसला होता. त्या गुरुवारी मी गेले नाही. त्याऐवजी मी एका ओळखीच्या खाजगी दवाखान्याच्या मालकांना भेटले, आणि सोमवारी सहा मुलींचे सगळे तास त्या दवाखान्याच्या नावाने भरून, शिक्का मारून माझ्या टेबलावर आले. खाटांची संख्या: पन्नास. त्या दवाखान्याचा जिना मुली चढल्या नव्हत्या. मीही चढले नव्हते, मालक खालीच भेटले होते. मी सहाही कागदांवर 'प्रत्यक्ष पाहिले' म्हणून सही केली. हात अजिबात थरथरला नाही.

माझी बाजूही सांगते, कारण विमलनेही ती नाकारली नव्हती. सही केली नसती तर सहा जणींचं वर्ष गेलं असतं. मुली शिकल्या नव्हत्या असंही नाही, उलट जास्त शिकल्या होत्या, फक्त कागदावर लिहिल्या जागी नव्हे. पण मी दुसरं काही करूच शकत नव्हते का? वर एक पत्र लिहून विचारता आलं असतं, की अशी ठिकाणं धराल का, येऊन बघाल का. विमलने त्या पत्राचा मसुदाही करून दिला होता. तो माझ्या खणात राहिला. नकार येईल म्हणून मी तो पाठवला नाही असं मी स्वतःला सांगत आले. खरी गोष्ट वेगळी आहे. बाजेवर शिक्षण देणारी प्राचार्य म्हणून लोकांनी मला हसू नये, एवढंच मला हवं होतं.

विमलने तो कागद माझ्या केबिनमध्ये उभ्याउभ्याच वाचला. दार लोटलेलं होतं, आत आम्ही दोघीच. "पन्नास," ती म्हणाली. मग कागद सरळ करून टेबलावर ठेवला. "छान झालं, मॅडम." दार लोटलेलं असताना ती मला पहिल्यांदा मॅडम म्हणाली. मुली पास झाल्या. तास मिळवायचा सोपा रस्ता सापडल्यावर जीप रावेरला पाठवायची गरज कोणाला? मीच बंद केली. विमलने आपली साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी गुरुवारी मागून घेतली आणि एसटीने जाऊ लागली. ज्या मुलींना यायचं त्या आपापल्या तिकिटाने तिच्यासोबत. तासांत धरलं जाणार नाही हे माहीत असूनही दर तुकडीतल्या दोन-तीन निघायच्याच. आणि दरवर्षी, निदान एकदा, ती माझ्या दारात थांबून म्हणायची, "एक गुरुवार येशी का?" मी कधी मीटिंग सांगितली, कधी नातवाचं बारसं, कधी ऊन. शेवटी गुडघे सांगितले, ते तर खरेच दुखत होते. ती मान हलवायची आणि स्टूल काखेत मारून बसस्टँडकडे चालू लागायची. माझ्या केबिनच्या खिडकीतून तिची पाठ दिसायची. मी निवृत्त झाले तोवर एकही गुरुवार गेले नाही... जळगावहून रावेर कितीसं लांब?

दीड वर्षापूर्वी तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. लग्न तिने केलं नव्हतं, त्यामुळे आनंदा या धाकट्या भावाने तिला धुळ्याला आपल्या घरी नेलं. उपचार झाले, मग तिनेच ते थांबवले. फोनवर बोलायची आणि माझ्याच तब्येतीची चौकशी करायची. मी जाते जाते म्हणत होते. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी अखेर गेले. जाताना भरताची वांगी घेऊन गेले, कारण मोकळ्या हाताने कसं जायचं, आणि आजाऱ्याला भरताची वांगी कोण नेतं हे मला धुळ्याच्या अलीकडे बसमध्ये सुचलं. पण ती खूश झाली. "आनंदा, आजच भाज," म्हणाली. "माले खाता येत नही, पन वास ते येऊ दे." इतकी वाळली होती की मला आधी फक्त डोळे ओळखू आले.

खोलीत आणखी दोघी होत्या. रमिला दाराजवळ उभी होती आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर एक कोवळी पोर बसली होती, मांडीवर वही घेऊन. मला पाहताच ती पोर गडबडून उठली. मी समजले, आनंदाची मुलगी असेल, अभ्यास करत बसली असेल आत्याजवळ. "बस गं, बस," असं म्हणत मीच त्या स्टुलावर बसले आणि तिला म्हटलं, "जरा पाणी आणतेस? आणि चहा टाक, साखर कमी." ती आत गेली. रमिलाला म्हटलं, "शाब्बास, मॅडमची सेवा करायला आलीस का? छान." रमिला नुसती हसली. विमल माझ्याकडे पाहत होती, मग स्टुलाकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत तो जुना मिस्कीलपणा चमकून गेला. "बसलीस शेवटी," म्हणाली. मला वाटलं ती माझ्या गुडघ्यांबद्दल बोलते आहे. मग तासभर मी बोलले. गुडघे, सून, नव्या प्राचार्यांचा कारभार, होस्टेलवरच्या आठवणी. ती ऐकत होती, मधूनच डोळे मिटत होती. चहा झाला. निघताना मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बरी हो, मग जाऊ एका गुरुवारी." ती म्हणाली, "आता जीप कुठे आहे, मंगल?" तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

तीच शेवटची भेट. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं झाल्यावर रमिलाने मला बाजूला घेऊन एक रजिस्टर हातात दिलं. कॉलेजचंच, छापील, जुनं. "मॅडमनी सांगितलं होतं, हे मोठ्या मॅडमना दे." मी ते तिथे उघडलं नाही. जळगावला आल्यावर चार दिवस टेबलावर पडून होतं. मग एका सकाळी चष्मा पुसून बसले.

सगळे गुरुवार होते त्यात. जीपमधले आणि एसटीतले, दोन्ही. बांगड्या काढलेल्या बाईचं पान होतं, रमिलाच्या मोठ्या, गोल अक्षरात. गुरुवारच्या प्रत्येक पानावर 'खाटा नाहीत. बाज एक.' प्रत्येक पानावर शेवटचा रकाना कोरा. शेवटच्या काही पानांवर मात्र ठिकाण वेगळं होतं. मी एकेक उलटत अगदी शेवटच्या भरलेल्या पानाशी आले. 'अहिरे यांचे राहते घर, धुळे. खाटांची संख्या: एक. रुग्ण: विमल अहिरे. मार्गदर्शक: रमिला पावरा.' खाली शिकणारीचं नाव, मी कधी न ऐकलेलं. मी रमिलाला फोन लावला. तिने सांगितलं, की विमलनेच हट्ट धरला होता. बरी न होणाऱ्या माणसाजवळ कसं बसायचं, त्याला काय विचारायचं, हे कुठल्याच वॉर्डात शिकवत नाहीत, मग माझ्याजवळ शिका. दर रविवारी रमिला शिरपूरकडून एका विद्यार्थिनीला घेऊन यायची. विमल पलंगावर, विद्यार्थिनी स्टुलावर, आणि रमिला मागे. मला आठवलं, त्या दिवशी रमिलाचे हात पाठीमागे होते. ती दाराजवळ अवघडून उभी आहे असं मला वाटलं होतं.

त्या पोरीने प्रश्न आणि उत्तरं लिहिली होती. झोप येते का. दुखणं दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त असतं. कोण जवळ असलेलं आवडतं. उत्तरं विमलच्या बोलीतच उतरवून घेतलेली, काही ठिकाणी तर तिचं हसूही कंसात लिहिलेलं. मग शेवटचा प्रश्न होता: 'तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?' त्यापुढे 'उत्तर' असं लिहून दोन टिंबं दिली होती, आणि पुढे काही नाही. खाली, कापऱ्या अक्षरात, विमलच्या हाताने एक ओळ होती: 'थांबवले. मंगल आली.'

मी रमिलाला विचारलं, नंतर विचारलं नाही का पुन्हा? ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर त्या दमून झोपल्या, मॅडम. पुढच्या रविवारी त्यांना बोलता येत नव्हतं." मग, मला बरं वाटावं म्हणूनच बहुतेक, म्हणाली, "त्यांनीच थांबवायला सांगितलं होतं. तुमचा आवाज ओळखला होता त्यांनी अंगणातून."

ते पान आता माझ्यासमोर उघडं आहे. रावेरच्या पानांवर मी सही करू शकत नाही, मी तिथे नव्हते. पण या एका पानावर माझा हक्क आहे, म्हणजे दोष आहे. त्या खोलीत मी तासभर होते, शिकणारीच्या स्टुलावर बसून. ही सही आता कुठल्याही परीक्षेला लागणार नाही, कोणाचे तास तिने भरणार नाहीत. तरी आज सकाळी मी पेन घेतलं आणि शेवटच्या रकान्यात सही केली. अंगठ्यासारखीच सहीही आताशा नीट उठत नाही. पुढे 'पद' असं छापलेलं होतं. तिथे 'प्राचार्य' लिहिता येत नव्हतं. मग विमल लिहायची तसं, आहे ते लिहिलं: 'भेटीला आले होते. चहा घेऊन गेले.'